एकाच ‘उम’ची भाषा

मिलिंद,

आज सकाळी प्रकाशकांचा पुन्हा फोन आला. चौथ्या पुस्तकाचं शेवटचं पान तेवढं राहिलंय, बाकी सगळं छपाईला तयार आहे, ते पान कधी देता, असं त्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं. दुखवट्याच्या घरी बोलतात तसा आवाज. मला त्या आवाजाचाच राग आला. मग वाटलं, त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं. तुला जाऊन सोळा दिवस झालेत आणि मी अजून एकाही माणसाशी धड बोललेले नाही.

पान का अडलंय ते तुला ठाऊक आहे. त्या पानावरचं आपलं भांडण मिटायच्या आधीच तू गेलास. चार पुस्तकं, एक अख्खी बनवलेली भाषा, तिच्यातल्या शिव्या, लाडाचे शब्द, थट्टा, सगळं जमलं आणि अडलो कशावर, तर एका सर्वनामावर. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल. पण तू शेवटपर्यंत मागे हटला नाहीस आणि मीही नाही. आता एकटीनं ते पान पुरं करायचं म्हणजे तुझ्या पाठीमागे भांडण जिंकल्यासारखं होईल. हरायचं म्हटलं तरी समोर कुणी नाही.

तुला मी ‘तू’ म्हणूनच लिहिते आहे. ते का, हे तुला सांगायला नको, पण हे जे वाचतील त्यांना सांगायला हवं.

क्रांती चौकातून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावर तुझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, विद्यार्थ्यांचे प्रबंध. त्या अरुंद जिन्यानं मी पहिल्यांदा वर आले तेव्हा माझ्या हातात तीनशे पानांचं हस्तलिखित होतं. डोंगराच्या पोटातल्या पाण्याच्या बोगद्यांत राहणाऱ्या माणसांची अद्भुत कादंबरी. झिरपे नावाचे लोक, झिरपी नावाची भाषा. मी कॉलेजात मराठी शिकवणारी बाई, भाषेचा विषय आपलाच, अशा थाटात आले होते. तू पाठमोरा बसला होतास. बारीक अंग, टी-शर्ट, कानावर पेन. मी दारातूनच म्हणाले, “अरे, हे एवढं महिन्याभरात होईल का तुझ्याकडून?”

तू वळून पाहिलंस आणि म्हणालास, “व्हईल की मॅडम. बसा.”

आपलं पहिलं बोलणं एवढंच. माझ्याकडून ‘अरे’ गेलं, तुझ्याकडून ‘बसा’ आलं, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

आठवड्यानं तुझा फोन आला. “मॅडम, एक शंका होती.” मला वाटलं, ऱ्हस्वदीर्घाची असेल. तू विचारलंस, “ह्या तुमच्या लोकांना ठेच लागल्यावर ते काय म्हणतात?”

माझ्या झिरप्यांना ठेच लागत नसे. त्यांना वेदना होत. संस्कृत धातूंवरून मी त्यांचं व्याकरण बेतलं होतं, आठ विभक्त्या होत्या, आणि त्यांच्या बोलण्याचं मराठी करताना मी तसाच भारदस्त बाज ठेवला होता. तू फोनवरच मला माझंच वाक्य वाचून दाखवलंस: “हे जलपुत्रा, तव चरणी पीडा होत आहे काय?” आणि मग म्हणालास, “बोगद्यात अंधार, खाली शेवाळ, माणूस धाडकन पडला, अन् दुसरा त्याला असं इचारतोय. तवर पहिला वाहून जाईल की.”

“तू टाइप कर,” मी म्हणाले. “भाषेचं मी बघते.”

“व्हय,” म्हणालास.

‘व्हय’ म्हणणारा माणूस ऐकणारा असतो अशी माझी समजूत होती. प्रुफं हातात आली तेव्हा ती फिटली. तू माझ्या पानांत घुसला होतास. बत्तिसाव्या पानावर एक म्हातारी नातवाला सांगत होती, “दोन टुबुक थांब.” एका भांडणात कुणीतरी कुणाला “कोरड्या” म्हणालं होतं. एका बाईनं पाणी अडवणाऱ्या कारभाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, “तुझी भिंत कोरडी व्हईल.” माझं डोकं फिरलं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी थांबले नाही.

“हे टुबुक काय आहे?”

“ह्यांच्याकडं घड्याळ नाय, सूर्य नाय,” तू शांतपणे म्हणालास. “थेंब पडतोय तेवढा एकसारखा. मग येळ कशात मोजत्याल? एक थेंब ते दुसरा थेंब, एक टुबुक.”

“आणि कोरड्या?”

“शिवी हाय.”

“माझ्या पुस्तकात शिव्या नकोत.”

“मग ते लोक जिवंत हायत असं कोण मानंल मॅडम?”

तुझे सगळे शब्द खोडायचे असं ठरवून मी प्रुफं घरी नेली. दोन दिवस खोडत बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहीत बसले, कारण जिथं जिथं तुझा शब्द काढला तिथं पान मेल्यासारखं पडे. शेवटी सात शब्द ठेवले. पुस्तक आलं. पहिल्याच महिन्यात वाचकांची पत्रं यायला लागली आणि त्यातल्या एकानंही माझ्या आठ विभक्त्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांना टुबुक हवा होता. वर्गात मी पाच मिनिटं उशिरा पोचले तर मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, लई टुबुक झाले.” मी रागावल्यासारखं केलं आणि फळ्याकडे तोंड करून हसले.

त्या पहिल्या आवृत्तीत तुझं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात आहे. अक्षरजुळणी: मिलिंद. ते पान पाहिलं की मला आजही मान खाली घालावीशी वाटते. दुसऱ्या पुस्तकापासून मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली ‘भाषा: मिलिंद’ आलं, तेव्हा मी फार मोठं काहीतरी केल्याच्या तोऱ्यात तुला ते दाखवायला आणलं. तू हसलास. “अक्षरं तर जुळवलीच व्हती की,” म्हणालास. तू असा टोमणा मारायचास की तो टोमणा आहे हे घरी गेल्यावर कळे.

मग आपले शनिवार सुरू झाले. दुपारी कॉलेज सुटलं की मी दुकानात, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात शब्द पाडणं. तुझी एक कसोटी होती. नवा शब्द कागदावर चढायच्या आधी तो जिन्यावरून आलेल्या माणसावर टाकून बघायचा, अर्थ न सांगता. पत्रिकेच्या रंगावरून तासभर घोळ घालणारे एक गृहस्थ होते, स्वतःच्या पाहुण्यांची बढाई सांगत. तू माझ्याकडे बघून सहज म्हणालास, “फेस्या हाय.” ते गृहस्थ चपापले आणि म्हणाले, “मी कुठं फेस्या, आमचे व्याही तसले.” तू लगेच कागद ओढलास आणि लिहिलंस: फेस्या, पाण्यापेक्षा फेस जास्त असलेला. पास. आणि तुझा तो ‘खळगू’. एकाच खळग्यातलं पाणी पिणारा तो खळगू, म्हणजे मित्र, पण नुसता मित्र नाही. तो शब्द तू तीन शनिवार माझ्यापासून लपवून ठेवला होतास आणि सांगताना लाजला होतास.

उमचा जन्म मात्र दुकानात झाला नाही. झिरपी माणसं अंधाऱ्या बोगद्यात एकमेकांना हाक कशी मारतील यावर आपलं अडलं होतं. तू म्हणालास, घरात बसून कसं कळंल, चला दौलताबादला. तू, मी आणि वैशाली, तुझी बायको. किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलो. वटवाघळांचा वास, हाताला लागणारी गार भिंत. तू आम्हा दोघींना दोन वळणांवर उभं केलंस आणि स्वर ओरडायला लावलेस. ‘आ’ म्हटलं की नुसता घुमे, कुणाचा, कुठून, काही कळेना. ‘ई’ चिरकला. मग तू ओठ मिटून ‘उम’ म्हणालास आणि तो दोन वळणं ओलांडून माझ्या कानाशी आला, जणू तू शेजारी उभा आहेस. पर्यटकांना घेऊन आलेला गाईड बाहेर आमची वाट पाहत थांबला होता. “काय बाई, अंगात आलं का काय तुमच्या साहेबांच्या?” त्यानं वैशालीला विचारलं. “नाय ओ, व्याकरण करतेत,” ती म्हणाली.

बाहेर उन्हात बसून शेंगा खाताना तू म्हणालास, “सर्वनाम हेच ठेवू. उम. अन् एकच ठेवू.”

“एकच म्हणजे? तू वेगळं, तुम्ही वेगळं, आपण वेगळं, काहीच नको?”

“काहीच नको. राजाला उम, पोराला उम, कुत्र्याला उम, देवाला पण उम.”

“का पण?”

“अंधारात समोर कोण हाय ते दिसत नाय ना मॅडम. मग मान कुणाला द्यायचा अन् कुणाला नाय, ते कळायचं कसं?”

मला ते फार आवडलं. माझ्या वहीत मी त्या दिवशी लिहिलं आहे: ‘एकच मध्यमपुरुषी सर्वनाम. कारण: ध्वनीचे व परिसराचे.’ आज ती वही उघडली आणि स्वतःच्या विद्वत्तेची मला कीव आली.

दोन वर्षांनी कधीतरी तुझ्या टेबलावर मतदानाची चिठ्ठी पडली होती. तिच्यावरच्या वयाकडे सहज नजर गेली. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होतास. इतकी वर्षं मी तुला अरे-तुरे करत होते, तू मला मॅडम-तुम्ही. घरी जाऊन मी बराच वेळ विचार करत बसले. मी तुला लहान का समजले? बारीक होतास म्हणून, असं स्वतःला समजावून पाहिलं. ते खरं नव्हतं. माझं माहेर पैठण तालुक्यातलं, भरपूर शेतीचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या, माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसांना मी सहा वर्षांची असताना ‘अरे, इकडे ये’ म्हणत असे. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. भाषेबरोबर आलं होतं, दुधाबरोबर यावं तसं. आणि तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहिले तेव्हा एका नजरेत माझ्या जिभेनं ठरवून टाकलं होतं की या माणसाला काय म्हणायचं.

पुढच्या शनिवारी मी मोठ्या निर्धारानं म्हणाले, “मिलिंद, तुम्ही ते तिसरं प्रकरण बघितलंत का?”

तू की-बोर्डवरचे हात उचललेस. “मॅडम, तब्येत बरी नाय का?”

मी कारण सांगितलं. तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालास, “ऱ्हाऊ द्या. आता मधूनच तुम्ही म्हणलं की काम काढून घेताय असं वाटतं. ‘तू’ सवयीचं झालंय.” आणि वळून पुन्हा टाइप करायला लागलास. म्हणून तुला आजही ‘तू’. पण मी तेव्हा म्हणाले होते की मग तूही मला तू म्हण. त्यावर तू नुसतं हसलास, आणि नंतर वर्षानुवर्षं मी तेच म्हणत राहिले आणि तू तसाच हसत राहिलास. झिरपीत मात्र तू मला बिनदिक्कत उम म्हणायचास. दुकानात गर्दी असली की मान वर न करता, “उम टुबुक थांब.” लोकांना वाटे, हा गुणगुणतोय.

दिवसभर तुझं काम काय होतं? तूच एकदा सांगितलंस. “मी लोकांच्या नावाला मान चिकटवतो.” श्री., चि., सौ., ह.भ.प., कुणाच्या नावाआधी काय लागतं ते तुला तोंडपाठ. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं ‘श्री.’ राहून गेलं, तर छापून झालेला सगळा गठ्ठा परत आला आणि घरातली तीन माणसं तुझ्यावर ओरडून गेली. तू मुकाट्यानं पुन्हा सगळं केलंस. ते गेल्यावर म्हणालास, “माझ्या झिरप्यांना पत्रिका छापायच्याच नायत.”

आणि मग एक दिवस छापायची वेळ आली. आपली पुस्तकं वाचून वाढलेले दोघे जण, मुलगा जालन्याचा, मुलगी इथलीच, दुकानाचा जिना चढून आले आणि म्हणाले, आम्हाला पत्रिका झिरपीत हवी. त्यांना तू कोण आहेस हे माहीत नव्हतं, क्रांती चौकात पत्रिका चांगल्या होतात एवढंच ऐकून आले होते. तू त्यांच्यासमोर बसून ती पत्रिका केलीस. कुणाच्या नावाआधी काही नाही. सगळ्या पाहुण्यांना एकच उम. तळाशी, ‘आमच्या खळग्याशी या’. ते गेल्यावर तू मला वर्ग चालू असताना फोन केलास. मला वाटलं काही वाईट झालं. मग म्हणालास, “मॅडम, आज एक पत्रिका बिनमानाची छापली.” त्या लग्नाला आपण दोघं गेलो होतो. नवऱ्या मुलाच्या आजोबांना पत्रिकेतलं एक अक्षरही समजलं नव्हतं, तरी ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते. मला एवढा अभिमान माझ्या डॉक्टरेटचाही वाटला नव्हता.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. झिरपीत बोलणाऱ्या पोरांचे व्हॉट्सअॅप गट झाले. त्यांनी आपल्याला न विचारता शब्द केले, त्यातले काही तुझ्यापेक्षा सरस होते आणि तू तसं उघड कबूल केलंस. आमच्या गल्लीत टँकर आला नाही तेव्हा समोरच्या घरातली शाळकरी मुलगी टँकरवाल्याला फोनवर म्हणाली, “काका, तुमची भिंत कोरडी व्हईल हां,” आणि गॅलरीत उभ्या असलेल्या बायका खळखळून हसल्या. त्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं की हे शब्द ज्यानं केले तो इथून दोन किलोमीटरवर कुणाच्या तरी बारशाचं कार्ड करतोय. मला खाली जाऊन सगळ्यांना सांगावंसं वाटलं. सांगायला हवं होतं.

आता भांडणाकडे येते.

चौथ्या पुस्तकात बोगदे ढासळतात, झिरपे वर उजेडात येतात आणि त्यांना वरच्या माणसांची भाषा शिकावी लागते. ती भाषा आपण मराठीच ठेवली. बोगद्यांची प्रमुख एना आणि गाळ काढणारा डोबा, दुसऱ्या पुस्तकापासून एकमेकांना उम म्हणत आलेले, शेवटच्या पानावर पहिल्यांदा मराठीत बोलतात. झाडाखाली एकच दगड आहे. मी लिहिलं होतं, एना म्हणते, “तुम्ही आधी बसा.” लिहिताना मला रडू आलं होतं. एवढी मोठी बाई गाळ काढणाऱ्याला तुम्ही म्हणते, यावर पुस्तक संपतं.

तू वाचून म्हणालास, “चांगलंय.” पत्रिकेला भडक जांभळा रंग मागणाऱ्याला म्हणायचास त्या सुरात.

“बोल काय ते.”

“‘तुम्ही’ देणारी तीच. उद्या तिनं परत घेतलं तर?”

“मग तुला काय हवंय?”

“डोबानं तिला तू म्हणावं.”

“वाचकांना तो उद्धट वाटेल.”

“तीन पुस्तकं उम म्हणला तवा उद्धट नव्हता. मराठीत आला की झाला का?”

कोंडीत सापडले की मी बोचरं बोलते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. मी म्हणाले, “मोठा डोबाची बाजू घेतोस. मग तू मला ‘तू’ का म्हणत नाहीस? किती वर्षं सांगते आहे.”

तू पेन खाली ठेवलंस. “डोबाला क्रांती चौकात दुकान चालवायचं नाय, मॅडम.”

मी पिशवी उचलली आणि निघून आले. त्यानंतर दोनदा भेटलो, कामापुरतं बोललो. मी मधला मार्ग काढला. डोबाही म्हणतो, “नाही, तुम्ही बसा.” दोघांकडून तुम्ही, फिट्टंफाट. मला वाटलं, किती सुरेख सुटलं. तसं पान करून मी शेवटची प्रुफं तुझ्या दुकानात ठेवली, तू नव्हतास, आणि पाच दिवसांनी वैशालीचा फोन आला.

तुझ्या पुण्यानुमोदनाचं कार्ड वैशालीनं तुझ्याच मशीनवर बसून केलं. मला विचारलं, “मॅडम, नावाआधी कालकथित लिवलंय. खाली काय लिवू? अक्षरजुळणीकार?” मी म्हणाले, “भाषाकार लिही.” ती म्हणाली, “असा शब्द असतो का?” मी म्हणाले, “आता आहे.” ही तुझीच पद्धत.

पाचोडला, तुझ्या गावी, मांडवात माणूस मावत नव्हता. तुझे आबा एका खुर्चीत बसले होते. गावाला पाणी सोडायचे ते, तू एकदाच सांगितलं होतंस. अख्ख्या गावाच्या पाण्याची चावी त्यांच्या हातात, आणि तुझ्या बरोबरीची पोरं त्यांना ‘ए, पाणी सोड रे’ म्हणायची. तू पुढे काही म्हणाला नव्हतास आणि मी विचारलं नव्हतं. ते मी विचारायला हवं होतं, मिलिंद. इतक्या शनिवारी आपण एवढे शब्द केले आणि हे एक राहिलं.

आबांनी मला शेजारी बसवलं. “तुमच्या पुस्तकातली बोली आमच्या मिलिंदनं केली म्हनं?”

“व्हय आबा. सगळी त्यानंच.”

“एखादा शब्द सांगा की.”

मी उम सांगितला. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच.

आबांनी विचारलं, “कलेक्टरला बी?”

“कलेक्टरला बी.”

ते तुझ्या फोटोकडे बघत राहिले. “लई हुशार व्हतं पोरगं,” म्हणाले. मग चहा आला तेव्हा कप माझ्यापुढे करत म्हणाले, “उम चा घ्या.” क्रियापद आदराचंच राहिलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास आणि मग ते कागदावर टिपून ठेवलं असतंस. मला तेव्हा काही हसू आलं नाही. मांडवातल्या प्रत्येक माणसाला हाताला धरून सांगावंसं वाटलं की या म्हाताऱ्याच्या मुलानं एक अशी भाषा केली, जी आज हजारो पोरं बोलतात आणि जिच्यात कुणाच्याच बापाला कुणी वेगळं पाडू शकत नाही. तिथं मी चार वाक्यं बोलले, त्यात हेच सांगितलं.

निघताना वैशालीनं एक फाइल दिली. “हे टेबलावर व्हतं. तुमचंच दिसतंय.”

शेवटची प्रुफं. तू ती तपासली होतीस, सगळी. काल दुपारी घरी बसून मी ती पानापानानं पाहिली आणि पुढे पाठवली, शेवटचं पान मात्र उघडायचा धीर झाला नाही. तुझ्या लाल पेनाच्या खुणा नेहमीच्या, समासात नेहमीची भाषा. ‘मॅडम, बघावे.’ ‘मॅडम, हे असेच ठेवायचे का?’ ‘मॅडम, इथे अनुस्वार राहिला.’ इतक्या वर्षांत समासात सुद्धा तू कधी घसरला नाहीस.

ते शेवटचं पान आज, हे पत्र लिहिता लिहिता उघडलं, तर एनाचं वाक्य तू तसंच ठेवलं आहेस. “तुम्ही आधी बसा.” तिनं काय म्हणायचं ते तिच्यावर सोडलंस. डोबाचं वाक्य मात्र तू सरळ रेघ मारून खोडलंस आणि वर लिहिलंस, “तू पण बस की.” आणि बाजूला समासात, मॅडम नाही, बघावे नाही, तुझ्या सुबक अक्षरात तीन शब्द:

‘इथं तू चुकलीस.’

एवढ्या मानाचं मला आजवर कुणी काही लिहिलेलं नाही.

मघाशी प्रकाशकांना फोन केला. मी म्हणाले, पान आज पाठवते, डोबाच्या वाक्यात बदल आहे. त्यांनी वाचून घेतलं, जरा घुटमळले, आणि विचारलं, “मॅडम, हा बदल नक्की ना? आधीचं बरं वाटत होतं. चुकून तर झालं नाही?”

“चूक माझी होती,” मी म्हणाले. “दुरुस्ती मिलिंदची आहे.”